मंगळवारचे दात

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील आणि भाऊजींचा गुडघा सध्या कुरकुरत नसेल असं धरून चालतो. मी ठीक आहे. दुकान ठीक आहे. दोन मशिनी चालू, तिसरी रुसलेली, म्हणजे सगळं नेहमीसारखंच.

फोन सोडून पत्र कुठून काढलं, असं म्हणशील. मे महिन्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, हे एक कारण. दुसरंही एक आहे, पण ते पुढे कधीतरी सांगेन, किंवा सांगणारही नाही. हाताला जमेल तसं लिहितो. मापं सोडून दुसरं काही लिहायची सवय राहिली नाही.

समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दातांची डॉक्टरीण आली आहे. वय असेल तिशीचं, बोलणं मात्र हेडमास्तरणीचं. तिला चार पांढरे कोट शिवून हवे होते. काजकाकू मला म्हणाली, "मापं घ्यायला तुम्हीच जा, बाई मोठी डॉक्टर आहे." काजकाकू तुला आठवते ना? वीस वर्षं माझ्याकडे काजं-बटणं करते, आणि पगार मी देत असलो तरी मालकीण तीच आहे.

मी गेलो. डॉक्टरीणबाईंच्या खांद्याला टेप लावला, ओठांत सवयीप्रमाणे टाचण्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, टाचण्या काढा आणि आ करा."

मी म्हटलं, "माप तुमचं घ्यायचंय."

"माझं झालं. आता तुमचं."

त्या दोघींनी आधीच ठरवलं होतं, हे मला खाली आल्यावर कळलं. काजकाकू मान खाली घालून बटण लावत होती आणि खांदे हलत होते तिचे. मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

तर माझे दात जरा बिघडलेत. चाळीस वर्षं दोरा दाताने तोडला, कात्री हाताशी असताना. वर सुपारी, वर आळस. एखादी दाढ ठणकली की लवंग धरायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारायची. डॉक्टरीणबाईंनी आत बघितलं. नुसतं हूं, हूं. शिंप्याला त्या हूंचा अर्थ कळतो, ताई. फाटलेली पँट उलटी करून मीही असंच हूं म्हणतो, आणि मग गिऱ्हाइकाला सांगतो की नवीनच शिवा. त्यांनी तसं सांगितलं नाही. "जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवू," म्हणाल्या.

मे महिन्यात तुझ्याकडे आलो होतो तेव्हा माझं डोकं दुखत होतं. म्हणून जरा गप्प होतो. बाकी काही नाही.

तुझा भाऊ


१० मार्च

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. "पत्र पोचले. दातांची काळजी घे." दोन वाक्यं. काजकाकूने ते उलटसुलट वाचलं आणि विचारलं, "यात राग आहे का नाही?" मी म्हटलं, आहे. माझी ताई मला एरवी चिरंजीव लिहिते. पन्नाशी उलटली तरी लिहिते. या वेळी मायना गायब आहे.

असो. आधी बातम्या.

दोन दाढा काढल्या. दोन वाचवल्या, त्यांच्या मुळांपर्यंत जाऊन डॉक्टरीणबाईंनी काहीतरी कोरलं, मी डोळे मिटून छताकडे तोंड करून मनातल्या मनात बावीस शर्ट कापले. पुढचे चार मात्र गेले. त्यातले दोन आधीच नव्हते आणि उरलेले दोन शेजाऱ्यांच्या दुःखाने डुलत होते. हिरड्या भरून आल्या की पक्के बसवणार, एप्रिलच्या मध्यावर. तोवर कच्च्या दातांची एक पट्टी दिली, काढता-घालता येणारी. मी त्यांना म्हटलं, आमच्यातही असंच असतं, आधी कच्चे टाके, मग ट्रायल, मग पक्की शिवण. त्या म्हणाल्या, "मग ट्रायलच्या कपड्यात कोणी कुस्ती खेळत नाही हेही तुम्हाला ठाऊक असेल. दोरा तोडायचा नाही."

खर्च ऐकून मी उठलोच होतो खुर्चीतून. काजांच्या नव्या मशिनीसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, तेवढेच. काजकाकूला सांगितलं तर ती म्हणाली, "मशीन आली असती तर मी काय केलं असतं, माशा मारल्या असत्या? दात बसवा." तिचा त्यात स्वार्थ आहे, पण सल्ला बरोबर होता.

आता फजिती ऐक. पट्टी बसवून खाली आलो तेव्हा लग्नाचे तीन कोट टेबलावर होते, तिन्ही एकाच घरचे, दुपारी न्यायला येणार. शेवटच्या कोटाचं खांद्याचं अस्तर बंद करत आणलं, बोटभर उरलं होतं, आणि, ताई, चाळीस वर्षांची सवय, दोरा दाताखाली धरला. टक्क आवाज झाला. दोरा तुटला नाही, दात तुटला. पट्टी तोंडातच होती, पण मधला एक दात नाही. टेबलाखाली बघितलं, मशिनीच्या पायात बघितलं, खडूच्या डबीत बघितलं. नाही. शेवटी उरलेलं अस्तर शिवून टाकलं. तेवढ्यात नवरदेवाचे वडील आले, तोच कोट अंगात घालून आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, डाव्या खांद्यात काहीतरी टोचतंय."

मी तोंडावर हात ठेवून म्हटलं, "पहिल्यांदा टोचतंच. अंगावर बसेल."

काजकाकू आत पळाली. मला वाटलं हसायला गेली, तर उसवायची सुई घेऊन आली. खांद्याच्या गादीत निघाला माझा दात. तिने तो मुठीत लपवून माझ्या हातात दिला, आणि त्या गृहस्थांना सांगितलं की टाचणी राहिली होती. टाचणी राहिली म्हणून मला वर चार शब्द ऐकावे लागले, ते ऐकले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. चिडल्या. ही पट्टी आता पुन्हा होणार नाही, पक्के येईपर्यंत तसेच राहा, म्हणाल्या. तर सध्या मी तसाच आहे. पुढे खिडकी.

आता ते दुसरं कारण लिहितो. कालपासून तीन कागद फाडलेत, हा चौथा.

मे महिन्यात माझं डोकं दुखत नव्हतं.

मी तुमच्या बैठकीत खुर्चीवर बसलो होतो. तुझी नात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. भिंगरीला मी वर्षाची असताना बघितलं होतं, तेव्हा तिच्या कानाचं कोणाला कळलंही नव्हतं. आता सहा वर्षांची, कानामागे ती यंत्रं, वेण्या घट्ट. ती माझ्या अगदी जवळ आली आणि माझ्या तोंडाकडे एकटक बघायला लागली. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. या पोरीला माझे किडके दात दिसले, आता ही ओरडून सगळ्यांना सांगणार, असं वाटलं. मी तोंडावर हात ठेवला. ती खाली वाकून हाताच्या फटीतून बघायला लागली. मग मी भिंतीकडे वळून बसलो, जेवणही बाहेर ओट्यावर नेलं, आणि चारच्या बसने निघालो.

तू बसस्टँडपर्यंत आलीस. "आमच्या पोरीला ऐकू येत नाही म्हणून तुला तिची लाज वाटते," असं म्हणालीस. तेव्हा मी एक वाक्य बोललो असतो तर सगळं मिटलं असतं. पण ते बोलायला तोंड उघडावं लागलं असतं. मी गप्प राहिलो, आणि तू समजायचं ते समजलीस.

तिला ओठ बघितल्याशिवाय नीट कळत नाही, हे मला नंतर काजकाकूने सांगितलं. तिच्या भाच्याचं तसंच आहे. ती पोर माझे दात बघत नव्हती, ताई. मामाआजोबा काय बोलतात ते ऐकायला आली होती.

मला तिची लाज कधीच वाटली नाही. माझी वाटली. गेली नऊ वर्षं वाटते आहे. तुझ्या घरच्या एकाही फोटोत मी का नसतो, ते आता कळलं असेल. हे पत्र भाऊजींना वाचून दाखवलंस तरी चालेल. पत्राचं एक बरं असतं, लिहिणाऱ्याचं तोंड दिसत नाही.

तुझा भाऊ


१२ एप्रिल, गुरुवार

प्रिय ताई,

तुझं चार पानी पत्र आलं. वर चिरंजीव होतं आणि लगेच खाली गाढवा होतं. दोन्ही वाचून बरं वाटलं. "दातांपायी बहिणीला वर्षभर रडवलंस" हे वाक्य मी काजकाकूला वाचून दाखवलं नाही, पण तिने ते माझ्या पाठीमागून वाचलंच, आणि तुझी बाजू घेतली. दोघी भेटलात तर माझं काही खरं नाही.

मी फार भोगलं असं समजू नकोस. मधल्या दिवसांत एक गंमत झाली. गिऱ्हाइकं काही माझ्या हिरड्या भरायची वाट बघत थांबणार नव्हती. पहिले दोन दिवस हात तोंडावर ठेवून मापं घेतली, पण एका हाताने टेप धरता येत नाही. तिसऱ्या दिवशी हात खाली घेतला. समोर बँकेतले साहेब होते, ज्यांची कंबर दर वर्षी वाढते आणि ते दर वर्षी मला जुनंच माप सांगतात. त्यांनी विचारलं, "मास्तर, दातांचं काय झालं?" मी म्हटलं, "काढले." ते म्हणाले, "अरेरे. बरं, खिसा तिरका ठेवा." बस. एवढंच. ज्या गोष्टीला मी नऊ वर्षं भ्यालो ती एवढ्यात संपली. मला तर जरा रागच आला त्यांचा.

पण तुझ्या पत्राचं शेवटचं पान मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मशिनीवरून उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

भिंगरीचे पुढचे दोन दात पडले, वर्गातल्या कोणीतरी चिडवलं, आणि तेव्हापासून ती तोंडावर हात ठेवते. शाळेत बोलत नाही, घरात बोलत नाही, बाई ओठ हलवायला शिकवतात तर मान फिरवते. सुनेने विचारलं, हे कुठून शिकलीस, तर म्हणाली, "मामाआजोबा असंच करतात. दात खराब झाले की असंच करायचं असतं."

एका दुपारपुरता आलो होतो मी तुझ्याकडे. तिच्याशी एक शब्दही बोललो नाही, आणि तरी तिला एवढं शिकवून आलो. मला वाईट वाटलं असं लिहिणं फार थोडं होईल. मला स्वतःचा संताप आला, आणि त्या पोरीची इतकी माया आली की काय करू ते सुचेना.

तू लिहिलंस, तुझे दात बसले की छान दिसशील, मग ये, तिला दाखव की दात परत येतात. प्रेमाने लिहिलंस, कळतं मला. पण ताई, तिचे तर आपोआपच येणार आहेत. ते तिला महिन्या-दोन महिन्यांत कळेल. मधले दिवस तोंड उघडून कसं राहायचं, ते तिला कोणीतरी आत्ता दाखवायला हवं. आणि त्या कामाला तुझ्या सगळ्या घरात आज माझ्याएवढा लायक माणूस नाही.

काल डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पक्क्या दातांची शेवटची ट्रायल होती. तोंडात बसवून त्यांनी आरसा दिला. काय सांगू तुला, बाबांसारखा दिसलो, रविवारी दाढी करून बसायचे तसा. डावीकडचा जरा हिरडीला लागत होता, मी म्हटलं इथे थोडं खरवडा, त्यांनी ऐकलं. माणूस कारागीर आहे. मग दात काढून परत डबीत ठेवले. मी सांगितलं, शनिवारी बाहेरगावी निघालोय. त्या म्हणाल्या, "मास्तर, पुढचं सगळं मोकळं दिसतंय. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, मंगळवारी बसवून मग जा." मी म्हटलं, "जे मोकळं आहे तेच न्यायचंय." मग सगळी हकिकत सांगितली. त्या चष्मा पुसत बसल्या. मंगळवारी दहाची वेळ मात्र चुकवू नका, म्हणाल्या.

तालीम चालू आहे. काजकाकू कानात कापूस घालून समोर बसते आणि मी सावकाश बोलतो. सुई मागितली की कात्री देते, कात्री मागितली की पाणी आणते. 'स' म्हणताना माझ्या खिडकीतून शिट्टी वाजते. ती शिट्टी भिंगरीला ऐकू येणार नाही, पण हवा लागेल तोंडावर, त्याला ती हसेल असा माझा अंदाज आहे. हसली तर तिचीही खिडकी दिसेल.

हे पत्र आजच कुरिअरने टाकतो, उद्या तुला मिळेल. शनिवारी सकाळच्या बसने निघतो, बारापर्यंत पोचेन. भाऊजींना स्टँडवर पाठवू नकोस, गुडघा सांभाळा म्हणावं. भिंगरीला दारात उभी ठेव, सावलीत नको, उजेडात, म्हणजे तिला माझं तोंड नीट दिसेल. मी तिच्यासमोर खाली बसेन, दोन्ही हात मांडीवर ठेवेन आणि सांगेन की मागच्या वेळी तू ऐकायला आली होतीस आणि मी तोंड झाकलं, माझं चुकलं. कळलं नाही तर पुन्हा सांगेन. कळेपर्यंत सांगेन.

मग आपण सगळ्यांचा फोटो काढू. मला मागे उभं करू नका. पुढे बसेन, तिच्या शेजारी.

दात मंगळवारी आहेत, ताई. मी शनिवारी येतोय.

तुझा बोळका,
धाकटा भाऊ