पंचमातली लाट

३ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तू केलेला कॉम्प्युटरवरचा सिंथेसायझर उघडला. माउस मामीने धरला, मी नुसते हुकूम सोडले. यातला पंचम केसभरही चुकत नाही असं तू लिहिलं होतंस, म्हणून म्हटलं, आपले कान त्यावरच तपासून बघावेत.

सा आणि प एकत्र लावले, तर मला त्यात लाट ऐकू येते. घड्याळ लावून मोजली. दर सात सेकंदांनी आवाज जरासा फुगतो आणि बसतो. स्वर जरा चुकला की उठणारी ही लाट घालवण्यातच चाळीस वर्षं लोकांच्या पेट्या जुळवल्या. आता नसलेली लाटही ऐकू यायला लागली, म्हणजे कान कामातून गेले. दुकान शेजारच्या चष्मेवाल्याला द्यायचं ठरवलंय. महिनाअखेर त्याला किल्ली हवी आहे. मामीने अबोला धरलाय, त्यामुळे घरात कधी नव्हे ती शांतता आहे.

वेळेवर जेवत जा.

तुझा मामा

८ मार्च

ती. मामास शि. सा. न.

पत्र वाचून वाईट वाटलं. पण पंचमाचा आकडा मी स्वतः घातलाय, तीनदा तपासून. वयाबरोबर कान थकणारच रे. खूप राबलास, आता आराम कर. मामीचा अबोला मात्र फार दिवस टिकायचा नाही, तेवढं सुख भोगून घे.

तुझी भाची

१२ मार्च

ती. मामास शि. सा. न.

आधी कान पकडते.

तुझे सात सेकंद डोक्यातून जाईनात. भास काय असा घड्याळ लावून होतो? म्हणून आज प्रोग्राम खोलून बसले. आकडा बरोबर होता, पण वाजवताना प्रोग्राम शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या एकशे अठ्ठावीस पायऱ्या करतो आणि स्वराला जवळच्या पायरीवर बसवतो. शुद्ध पंचम नेमका दोन पायऱ्यांच्या अधेमधे येतो, म्हणून अर्धी पायरी वर चढून बसला होता. त्याची लाट किती सेकंदांची, ते गणित केलं. पावणेसात!

एवढंसं कुणाला कळणार, असं आमचे साहेब म्हणाले. मी तुझं पत्रच त्यांच्यापुढे ठेवलं. सिंथेसायझर बाजारात आणणं दोन आठवडे पुढे गेलं. पायऱ्या काढून टाकल्यात, नवी प्रत मेलवर आहे. मामा, पाया पडते, किल्ली देऊ नकोस.

तुझीच, चुकलेली भाची

१७ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

नवा पंचम पाच मिनिटं ऐकला. एकदम सरळ. चष्मेवाला हिरमुसला, पण त्याच्या मुलीची पेटी फुकट जुळवून देतो म्हटल्यावर खुलला. मामी बोलायला लागली आहे, आणि साठलेलं सगळं एकदम काढते आहे.

तुझ्यावर राग नाही. पण एक सांगतो. ते यंत्र बिनचूक आहे असं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर यंत्रच बिघडलंय म्हणून मी त्याला वाटेला लावलं असतं. तू म्हणालीस, म्हणून मी माझ्या कानांना खोटं ठरवलं.

माया आहे ती अशीच राहू दे.

तुझा मामा