दोन पानांची जागा

प्रिय शाईबाई,

अक्षर ओळखलंस ना? अडतीस वर्षांनी लिहितेय आणि तेही जुन्या टोपणनावानं, म्हणून रागावू नकोस. तुझ्या बोटांवरची ती शाई मी कशी विसरेन?

शिकत असताना आपण दोघींनी काढला होता त्या कॉलेजच्या वार्षिकांकाचं काम, इथंच शिकवायला लागल्यापासून, यंदाही माझ्याच गळ्यात आहे. वर्षअखेर निवृत्त होतेय, तेव्हा हा शेवटचा. मुली आता सगळं संगणकावर जुळवतात, पण रड तीच. लेख उशिरा, प्राचार्यांचा संदेश त्याहून उशिरा, आणि पानं मात्र सोळाच्या पटीतच हवीत. छापखान्याचे काका थकलेत, कारभार त्यांची लेक बघते, तरी दाराशी खुर्ची टाकून प्रुफं चाळत बसतात. परवा मला बघून म्हणाले, "बाई, त्या मुलीला खरं सांगितलंत का कधी?" म्हणून हे पत्र.

तुझ्या वडिलांच्या शिलाई मशीनची ती कथा मी शेवटच्या दिवशी अंकातून काढली. ते अंथरुणाला खिळले होते, अंक आला का म्हणून रोज विचारायचे, हे तूच मला सांगितलं होतंस. तरी मी म्हटलं, चौसष्ट पानं भरली, जागाच नाही. तू उलट माझ्याशेजारी बसून शेवटची प्रुफं तपासलीस. अंक आला आणि पंधरा दिवसांत ते गेले. मी तुझ्या गळ्यात पडून रडलेसुद्धा. त्यानंतर तू कधी काही लिहिलं नाहीस, असं ऐकलं.

जागा होती ग. बारीक टाइपात दोन्ही कथा सहज बसतात, असं काकांनी तेव्हाच सांगितलं होतं. मीच माझ्या कथेचा टाइप मोठा करायला लावला आणि तुझी दोन पानं खाल्ली. तुझी कथा माझ्यापेक्षा चांगली होती, ते मला सोसलं नाही. प्रुफात तो मोठा टाइप तुला दिसला नसेल, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलेय. तुझे कागद मात्र फाडवले नाहीत. यंदा दोन पानं अडवून ठेवलीत, कथेचं प्रूफ सोबत आहे. मी काय केलं ते, तुझं नाव न घेता, संपादकीयात लिहिलंय. ते छापून येणारच. कथा मात्र तुझी सही आल्याशिवाय छापणार नाही. नको म्हणालीस तर पानं कोरी जातील. तुझ्या वडिलांना आता अंक दाखवता येत नाही, हे मला कळतं. चुका तूच काढ, मी एकाही ओळीला हात लावलेला नाही.

तुझीच (दुसरं काही लिहवत नाही),
संपादकबाई