डाव्या वळणाला घासणारा टायर

ती. बायजाताईस,

तुझ्या धाकट्या कमळाकरचा सारसोळ्याहून नमस्कार (वाकून केलाय, कंबर अजून तशीच आहे). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तर बाबांची पिकअप मी उंच करून घेतली. उधाणाला जेट्टीवरचं पाणी चाकांवर चढतं म्हणून, असं गावात सांगतो. तुला खरं सांगतो, रुबाबासाठी. खाली स्प्रिंगचे जाड पाटे घातले, मोठे टायर बसवले आणि पहिल्याच डाव्या वळणाला टायर मडगार्डला घासला. खर्रर्र. उजवीकडे काही नाही, डावीकडे मात्र हटकून. मग मी डावीकडे वळायचंच सोडलं. नेरूळ स्टेशनला जाताना तीन उजवी वळणं घेतली की एक डावं होतं (डिझेल सोडलं तर फुकट). खड्ड्यात गाडी अशी उडायची की आमच्या सुनीतीचं डोकं दोनदा छताला लागलं. तेव्हापासून घरात गाडी आणि नवरा असताना ती रिक्षाने जाते.

पण आपल्या गल्लीत शिरायला डावं वळण घ्यावंच लागतं. तिथे टायर घासला की आई उठायची, विळी काढायची आणि म्हणायची, "गारी भरून आयली." तुला आठवतं ना? बाबांच्या वेळी मागे मासळीच्या टोपल्या खच्चून भरल्या की गाडी खाली बसायची आणि टायर असेच घासायचे. तो आवाज आला की आई मसाला वाटायला घ्यायची, नाही आला तर डाळ चढवायची. आपण दोघं अंथरुणातूनच ओळखायचो, आज ताटात काय ते. तुझं लग्न होईपर्यंत हा आपला रोजचा खेळ होता.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, पण हल्ली आईला कालचं-आजचं नीट लागत नाही. मी हात हलवत आत शिरलो की ती विळी मिटून ठेवायची. मला ते बघवेना, म्हणून शहाणपणा केला. दिघ्याच्या अश्विन मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने मागचा एकेक पाटा कमी केला, स्टिअरिंगचा बोल्ट सेट केला, मडगार्डची आतली कड कापली. आता गाडी कुठेही वळते, हूं की चूं नाही.

आणि आई आठ दिवस उंबऱ्यात बसून आहे. मी समोर उभा असतो तरी विचारते, "अजून नाय आयली गारी?" ताई, बाबांची फार आठवण येते गं. तो आवाज मीच कापून टाकला असं वाटतं.

तुझा,
कमळाकर

ता. क. गाडीत चढायला स्टूल मी आणतो, गुडघ्यांचं टेन्शन घेऊ नकोस.

आणखी एक. मिस्त्रीने बजावलंय, मागे सात-आठ माणसं बसवू नका, वजन आलं की परत घासेल. तेव्हा रविवारी कामोठ्याला न्यायला येतो, सगळे तयार राहा. भावोजी, दोन्ही दीर, आणि मोठ्या जाऊबाई तर हव्यातच (त्यांना कारण सांगू नकोस).

आणि हो, निघताना मासळी घे. आवाज ऐकून आई विळी मांडेल, तिला परत मिटायला लावायची नाही.