सुनावणीची तारीख

कोलार रोड, भोपाळ

चि. निनाद,

रोज फोनवर मी तुला सांगते, बाबा झोपलेत. खरं म्हणजे ते जाऊन आज बारा दिवस झाले.

मंडीदीपच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून त्यांना एकच काळजी होती, अमेरिकेत राहण्याचा तुझा अर्ज मंजूर होईल का. सुनावणीआधी तू तो देश सोडलास तर परत जाता येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून म्हणाले, "सुनावणी होईपर्यंत त्याला काही कळवू नकोस. धावत येईल तो." मी कबूल केलं.

पण शेवटच्या दिवशी दारात कुणीही आलं की ते विचारायचे, "निनाद का?" हे मी क्षितिजालासुद्धा सांगितलेलं नाही. तुझ्या या धाकट्या बहिणीनेच त्यांना अग्नी दिला. शेजारचे मिश्राजी तिला विचारत राहिले, "भैया नहीं आया?"

काल तुझी सुनावणी होती. आज सगळं सांगायचं ठरवूनच मी फोन घेतला. तू आधी बोललास, "आई, पुढच्या वर्षीची तारीख मिळाली. बाबांना एवढ्यात सांगू नकोस, त्यांना सहन होणार नाही."

मी "बरं" म्हणाले.

तुझी आई