बासष्ट नंबरची प्रॉक्सी

३ ऑगस्ट
आलो एकदाचा मेडिकलला! खोली तिसऱ्या मजल्यावर, दोन खाटा, एक कपाट आणि नळाला चक्क पाणी. बाबांनी ट्रंक वर चढवली आणि धापा टाकत म्हणाले, पुढच्या वेळी तळमजल्यावरचं कॉलेज बघ. तीस वर्षं ते कंपाउंडर म्हणून डॉक्टरांच्या खुर्चीमागे उभे राहिले, आज खोलीतल्या खुर्चीत ऐटीत बसले. आई रडली, मग बजावून गेली: रोज सहाला फोन करायचा, बाळ्याचा आवाज ऐकल्याशिवाय ती जेवायची नाही. माझा रोल नंबर एकसष्ट. खोलीतला सोबती एक वर्ष पुढे, सगळे त्याला लांबू म्हणतात. स्वभावाने चांगला, फक्त झोपेत हाडांची नावं बडबडतो.

१९ ऑगस्ट
आठ ते पाच वर्ग, मग पाठांतर. हाताला प्रेतं टिकवायच्या औषधाचा वास, अर्धा साबण संपला तरी जात नाही. डोळ्यांत झोप मावत नाही. लांबूने इथली रीत सांगितली: हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून झोपलेल्याच्या नंबराला जागा असलेल्याने ‘येस सर’ म्हणायचं. ज्याने आपली प्रॉक्सी लावली, त्याची आपणही लावायचीच. इमानाचा मामला आहे म्हणे.

२ सप्टेंबर
आज माती खाल्ली. हजेरीला पेंगत होतो. एकसष्टला ओ दिली. सरांनी बासष्ट पुकारला, कोणी बोलेना. वाटलं, झोपलाय बिचारा. आवाज बदलून ‘येस सर’ म्हणून मोकळा झालो. अख्खा वर्ग वळून बघायला लागला.
लांबूला सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला. बासष्ट त्याचा वर्गमित्र होता. गेल्या वर्षी पाच दिवस न झोपता परीक्षेला आला, बाकावर डोकं टेकलं ते उचललंच नाही. ऑफिसने पेपर कोरा म्हणून त्याला नापास धरलं आणि नाव या वर्षीच्या यादीत ढकललं. तो मेल्याचा कागद वरून आल्याशिवाय क्लार्क नाव खोडत नाही. त्या नंबराला गप्प बसायचं असतं, एवढंच मला कोणी सांगितलं नव्हतं.

१४ सप्टेंबर
झोपून राहिलो, तास बुडाला. धावत क्लार्ककडे गेलो तर माझी हजेरी लागलेली! शेजारच्या बाकावरची चष्मिश म्हणाली, तूच तर बोललास की. देव पावला म्हटलं आणि पुन्हा जाऊन झोपलो.

२८ सप्टेंबर
हे पाचव्यांदा. काल माझी तोंडी परीक्षाही झाली म्हणे, छान झाली. मी तर खाटेवर होतो. चष्मिश म्हणते, हल्ली किती ताजातवाना दिसतोस. आरशात माझे डोळे खोल गेलेत. घाबरायला हवं, कळतंय. पण खरं सांगू, बरं वाटतंय. अजून एकच दिवस झोपू दे.

६ ऑक्टोबर
सहाला आईला फोन केला, लागेना. सव्वासहाला लागला. कोण बोलतंय, म्हणाली. बाळ्याशी तर आत्ताच बोलणं झालं, हसत होता गं बाई, पोटभर जेवला म्हणे — असं मागे कोणालातरी सांगत होती. अगं आई, मीच, मी ओरडलो. राँग नंबर म्हणाली. ठेवला.
मला माझी आई परत हवी. बाकी सगळं त्या बासष्टने घ्यावं.

९ ऑक्टोबर
लांबू खोलीत आला. मला बघून हातातला कप सुटला. हाक मारली — माझ्या नावाने नाही. त्या मेलेल्याच्या —

१० ऑक्टोबर
वर्गात आहे. मागच्या बाकावर लिहितोय, हात चालू ठेवला तर झोप येणार नाही. आज एकसष्टला मीच बोलणार. मग फोन. मग आई —
पुकारला. तोंड उघडलं. पुढच्या बाकावरून माझ्याच आवाजात ‘येस सर’. तो वळला नाही. अंगात माझा शर्ट, आईने टाचलेली कॉलर —
आता बासष्ट. सर थांबलेत. डोकं फार जड — टेकायचं नाही — आई, मी एकसष्ट, मी तुझा — जीभ आपोआप —
येस स