सहाव्या डावानंतर

कॅल्डर फॉल्स, आयोवा
१८ जून १९८४

ती. सौ. आर्लीसताईस,
वेंडलचा सा. न. वि. वि.

तुझी तीन पत्रं एकदमच हातात पडली. मी या गावाला असलो की माझं टपाल त्या गावाला, हे आता जन्माचंच झालंय. तिन्ही पत्रांत प्रश्न एकच: ब्रेंटचं कुठवर आलं? अगं, मी त्याचा मामा आहे तो सुट्टीत. उन्हाळाभर मी बेसबॉल क्लबचा नोकर. मोठा संघ आणि त्याच्या खालचे तीन, अशा चार गावांतले, चेंडू फेकायला पहिले उतरणारे वीस पिचर मी बघायचे, प्रत्येकाच्या वेगाला, वळणाला, नेमाला वीस ते ऐंशीच्या मध्ये गुण द्यायचे आणि जुलैअखेर एकच यादी धाडायची. कोण वर जाणार आणि कोण घरी, ते त्या यादीवरनं ठरतं. ऐंशी मी आजवर कोणाला दिलेले नाहीत. भाच्यापासून सुरुवात करायचा विचारही नाही.

तरी तुझं डोकं ठिकाणावर यावं म्हणून सांगतो, पण हे पोटात ठेव. सप्टेंबरात मोठ्या संघात इथला एकच जण जाईल. एक तर ब्रेंट, नाहीतर हॉलिस टॅगार्ट. हॉलिस डावखुरा, सत्तावीस वर्षांचा, आर्कान्साचा. बायको आणि दोन लहान मुली घेऊन इथेच ट्रेलरमध्ये राहतो. आज तो ब्रेंटच्या नखभर पुढे आहे. मला शंका एवढीच, की सहाव्या डावानंतर त्याचा वेग टिकतो का. टिकला तर तो, पडला तर ब्रेंट. मी एकटा चार गावांना कुठे पुरणार? मी नसतो तेव्हाचे तक्ते टपालानं येतात. उद्या ज्या पिचरची पाळी असते तो आज मोकळा, म्हणून तोच चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मागे बसून वेग मोजतो आणि लिहितो. त्यावरनं काय ते कळेल.

ऑरिन भाऊजींनाही सांगू नकोस. ते माणसांशी बोलत नाहीत, पण गाईंशी बोलतात.

तुझा लोभ आहेच, प्रश्न तेवढे कमी असावेत.
वेंडल


एल्क प्रेअरी, मिनेसोटा
२ जुलै १९८४

चि. वेंडल यास,
अनेक आशीर्वाद. देते आहे, पण दात खाऊन.

नखभर पुढे! परक्याचं नख बरं दिसलं तुला. ब्रेंट नऊ वर्षांचा होता तेव्हा गोठ्यामागे त्याला डोळे मिटून उभं कोण करत होतं? ग्लोव्हमध्ये चेंडू कसा वाजला त्यावरनं वेग सांग म्हणून माझ्या पोराला जेवणावरनं कोण उठवत होतं? महिन्याभरात त्याचा अंदाज मैलाच्या आत येऊ लागला, तेव्हा गावभर मिरवणाराही तूच. आणि आता म्हणे उन्हाळाभर मामा नाही!

बोलते ते लागेल, लागू दे. तुझा खांदा चोविसाव्या वर्षी गेला. त्याचं उट्टं माझ्या मुलावर काढू नकोस. त्या हॉलिसच्या प्रत्येक सामन्याला ब्रेंटला कारकुनासारखं पेन्सिल धरून बसावं लागतं, कारण दुसऱ्या दिवशी त्याची पाळी. ज्याच्यामुळे आपलं अडलं त्याचीच आरती रोज लिहायची. फोनवर आवाज कसा बारीक झाला होता त्याचा! आईच आहे मी, मला राहवत नाही.

रुबार्बच्या देठांचा गोड पाय भाजला होता. तू येशील म्हणून तुकडा ठेवला होता, तो मी रागानं कुत्र्याला घातला.

आशीर्वाद कायम, बाकी सगळं तुझ्या वागण्यावर.
ताई


कॅल्डर फॉल्स
१ ऑगस्ट १९८४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

घे, झालं तुझ्या मनासारखं. हॉलिसचे जुलैचे तीन तक्ते आले. तिन्हींत सहाव्या डावापर्यंत ताशी एक्याण्णव मैल, आणि त्यानंतर घसरत सत्त्याऐंशी. मी ब्रेंटला वर घातलं आणि यादी धाडली. हॉलिसला ठेवतील खालच्या संघात असं वाटलं होतं, पण सत्ताविसाव्या वर्षी वेग पडलेल्या माणसाला कोण ठेवतं? काल दुपारी क्लबनं त्याला मोकळं केलं.

मोकळं केलं म्हणजे काय, ते तुम्हा घरात बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना कळत नाही. मॅनेजरनं त्याला खोलीत बोलावलं. चार मिनिटांत तो बाहेर आला आणि बूट पिशवीत भरायला लागला. संध्याकाळी ट्रेलर रिकामा. त्याची बायको रूथ, जिनं मला मे महिन्यात बसवून मीटलोफ वाढला होता, ती मुलींना गाडीत बसवत होती. मला बघितलं आणि काच वर केली. मीही मान खाली घालून निघून आलो. या धंद्यात मान खाली घालण्याचे पैसे मिळतात.

अभिनंदनाचं पत्र पाठवलंस तर न फोडता परत करीन.

लोभ मागायच्या मनःस्थितीत नाही.
वेंडल


एल्क प्रेअरी
६ ऑगस्ट १९८४

चि. वेंडल यास,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी हसत.

हे अभिनंदनाचं पत्र नाही, बातमी आहे. नऊ सप्टेंबरच्या रविवारी प्रार्थना उरकली की चर्चची बेचाळीस माणसं बस करून मोठ्या मैदानावर निघणार. पाद्रीबाबा प्रवचन आखडतं घेणार आहेत, हा खरा चमत्कार. ऑरिन गाईंना शेजाऱ्यावर सोडून येतायत. लग्नानंतर पहिल्यांदाच.

त्या रूथचं वाचून वाईट वाटलं. पण जगात एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात जातंच. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.

राग गेला, लोभ दुप्पट झाला असं समज.
ताई


ग्रँट्स बेंड, आयोवा
१४ ऑगस्ट १९८४

ब्रेंट,

चि. लिहायला पेन उचललं होतं, खाली ठेवलं. आशीर्वाद पत्राच्या शेवटी उरले तर देईन.

तुझ्या हातचे तीन तक्ते माझ्यासमोर आहेत. हॉलिसचा वेगवान चेंडू सहाव्या डावानंतर चार मैलांनी पडला, असं तू लिहिलंस. आणि त्याचा वळणारा चेंडू? पहिल्या डावात पंच्याहत्तर, आठव्यातही पंच्याहत्तर. अरे गाढवा, थकलेला हात असा निवडून थकतो का? थकला की सगळंच मंदावतं. आणि आठव्या डावात सहा चेंडू बॅटला चाटून मागच्या जाळीवर गेले, हेही तूच लिहिलंस. फलंदाजाची बॅट उशिरा येते तेव्हा तसं होतं. सत्त्याऐंशीच्या चेंडूला तिथली पोरं उशीर करत नाहीत, कुंपणापार धाडतात. काल कॅचरला फोन केला. तो म्हणाला, शेवटच्या डावात हॉलिसच्या चेंडूंनी बोटं बधिर झाली होती.

वेग मोजायचं यंत्र बिघडलं होतं म्हणू नकोस. तुला डोळे मिटूनही वेग कळतो, मीच शिकवलंय. त्या तक्त्याची आजवर कोणी उलटतपासणी केलेली नाही. एक पिचर दुसऱ्याचं खोटं लिहील असं या खेळात कोणाच्या डोक्यातच येत नाही. भाच्यानं मामालाच मामा बनवलं! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, माझ्या सहीनं.

मॅनेजरकडे तू जातोस की मी कळवू? आठवडा देतो.

आशीर्वाद उरले नाहीत.
वेंडल


कॅल्डर फॉल्स
१८ ऑगस्ट १९८४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

होय, खोटं लिहिलं. पहिल्यांदा हात थांबला होता. सातव्या डावातला पहिला चेंडू, यंत्रावर एक्याण्णव. मी नव्वद लिहिलं. कोणी काही म्हटलं नाही. मग एकोणनव्वद लिहिलं. तिसऱ्या सामन्याला हात थांबायचाही बंद झाला.

पण मामा, सहाव्या डावानंतर बघणार आहात हे मला कसं कळलं, ते विचारलंत का? तुमचं जूनचं पत्र आईनं मला फोनवर वाचून दाखवलं. टिकला तर तो, पडला तर ब्रेंट. शब्द तुमचे आहेत. बिचारीला वाटलं, पोराला धीर येईल. तुम्ही तिच्या पोटात ठेवलंत, तिनं माझ्या पोटात ठेवलं, आणि माझ्यात ते नासलं.

आणि रागवायचंच तर पुरतं रागवा. वीस वर्षं तक्ते वाचताय. वळणारा चेंडू पंच्याहत्तरच आहे हे तुम्हाला ऑगस्टच्या चौदा तारखेला दिसलं, तेच जुलैत का नाही दिसलं? दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर पाच मिनिटांत पकडलं असतंत. तुम्हालाही मीच वर यायला हवा होतो. मोटेलात बसून माणसांना वीस-ऐंशी गुण देता, उंटावरनं शेळ्या हाकता, आणि शेळी हरवली की आरडाओरडा.

मी मॅनेजरकडे जाऊन आलो होतो. दारापर्यंत. वाटेत कपडे बदलायच्या खोलीत हॉलिसच्या खुर्चीवर त्याच्या मुलींनी रंगवलेली नावाची पाटी अजून लटकते. परत फिरलो. तुम्हीच कळवा. पण कळवाल तर तुमचं जूनचं पत्रही सोबत जोडा.

रागावलेला आणि लाजलेला,
ब्रेंट


ग्रँट्स बेंड
२१ ऑगस्ट १९८४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

ब्रेंटचं पत्र सोबत धाडतो आहे. आधी ते वाच, मग खुर्चीत बस, मग हे वाच.

मी तुझ्यावर इतका चिडलोय की अक्षर वाकडं येतंय. पोटात ठेव म्हटलं होतं! पण ते लिहिलं कोणी? क्लबची गोष्ट बहिणीला लिहायची नसते, हा या नोकरीचा पहिला नियम, आणि तो मी तुझी कटकट थांबावी म्हणून मोडला. ब्रेंटनं माझ्याबद्दल लिहिलंय तेही खरं आहे. वळणाऱ्या चेंडूचे ते आकडे मला जुलैतच दिसले होते ताई. डोळ्यांसमोर होते. मला बघायचे नव्हते.

माझं अठरा जूनचं पत्र परत पाठव. ते, तिन्ही तक्ते आणि माझं एक पान, असं मी क्लबला धाडणार. ब्रेंटचा सप्टेंबर जाईल, बहुधा सगळंच जाईल. माझीही नोकरी जाईल. पत्राशिवाय धाडलं तर सगळा दोष एकट्या पोरावर येतो, आणि तसं मी करणार नाही. नाहीच पाठवलंस तर मला काहीच धाडता येणार नाही. ब्रेंट मोठ्या मैदानावर उतरेल आणि तुमची बस निघेल.

पत्र तुझ्याकडे आहे. ठरवणारी तू.
वेंडल


एल्क प्रेअरी
११ सप्टेंबर १९८४

चि. वेंडल यास,
अनेक आशीर्वाद. दोन महिने झगडलो आपण, आता हे थकून देते आहे.

तुझं जूनचं पत्र चार दिवस फडक्यांच्या खणात होतं. रोज बाहेर काढलं, रोज आत ठेवलं. चुलीत घालायला दोनदा धरलं, खोटं कशाला सांगू? तुला शिव्या दिल्या, क्लबला दिल्या, त्या हॉलिसलाही दिल्या. पाचव्या दिवशी ऑरिन गोठ्यातनं आले, बूटही काढले नाहीत, आणि म्हणाले की मुलगा फोनवर आपल्याशी बोलायचा थांबलाय, हे तुझ्या लक्षात आलंय का. महिन्यातलं त्यांचं पहिलं वाक्य. मी त्याच दुपारी पत्र टपालात टाकलं. माझ्या नावाची एक ओळही घातली होती आत, की मुलाला वाचून दाखवणारी मी. तू ती खोडलीस असं ब्रेंट म्हणाला. मोठा आलास खोडणारा!

ब्रेंटला काढलं, तुला काढलं, हॉलिसला परत बोलावून मोठ्या संघात घेतलं, हे तुला ठाऊकच आहे. बसचं मात्र ऐक. मी चर्चमध्ये उभी राहून सगळ्यांना खरं सांगितलं. अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मग म्हातारी मिसेस टोर्गर्सन म्हणाली की तिनं सँडविच बांधून ठेवलेत आणि तिला बेसबॉल बघायचाय. बस निघाली. ब्रेंट येणार नाही असंच धरून चालले होते. तो शेवटी चढला आणि माझ्याशेजारी बसला.

फेकायला हॉलिस होता. तिसऱ्या रांगेत होतो आम्ही. त्यानं ब्रेंटला ओळखलं. मी हात वर केला, त्यानं तोंड फिरवलं, आणि बरोबरच केलं. ब्रेंटनं चर्चच्या पत्रकामागे रेघा मारल्या आणि यंत्राशिवाय, नुसत्या ग्लोव्हच्या आवाजावर, एकेक चेंडू लिहीत राहिला. डोळे मिटलेले. गालावरनं पाणी येत होतं, ते पुसलंही नाही त्यानं. हॉलिस आठव्या डावापर्यंत टिकला. मग एका पोरानं त्याचा चेंडू कुंपणापार घातला आणि सामना गेला. ब्रेंटनं तेही लिहिलं.

मी अजून तुझ्यावर रागावलेली आहे. तू माझ्यावर असशीलच. रविवारी जेवायला ये, समोरासमोर रागावू. रुबार्बचा पाय करते आहे, कुत्र्याला देणार नाही.

तुझी ताई

ता. क. ब्रेंटचा तक्ता सोबत जोडला आहे. आठव्या डावातला शेवटचा आकडा एक्याण्णव आहे. मामांना म्हणावं, या वेळी तपासून बघा, एवढाच निरोप दिलाय त्यानं.