तू लावलेले क्लास

प्रिय मंजू,

आज तुझी ईशा सापडत नव्हती. आता ती आत पालथी पडून झोपली आहे, तरी मी दोनदा उठून तिला बघून आले. विवेकची शेंद्र्याच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट आहे, जावयाला असं फोनवर काय सांगू? म्हणून तुला लिहायला बसले.

शाळा सुटली की रहीममामूंची रिक्षा तिला अबॅकसला सोडते. तूच ठरवून दिलेलं. आज क्लासच्या मॅडमचा फोन आला, "ईशा आली नाही, बरं नाही का तिला?" शाळेत विचारलं, तर म्हणाले, ती रिक्षात बसली. रहीममामू फोन उचलेनात. मंजू, तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांपुढून काय काय गेलं, कसं सांगू? तू गेलीस त्या दिवशीही तुझा फोन असाच नुसता वाजत राहिला होता.

शेवटी रिक्षा दाराशी थांबली. मामूंचा चेहरा पांढराफटक. "अम्मा, घबराओ मत, बच्ची गाडीतच हाय. मागं दप्तरांच्या आड झोपली होती. मला वाटलं, उतरली. फोन घरी ऱ्हायला."

मी तिला जवळ घ्यायचं सोडून रागावलेच.

"आज्जी, आधी मी लपले होते," ती म्हणाली. "मग झोप लागली."

"क्लासला जायचं नव्हतं, तर सांगायचं ना?"

"आईनं लावलाय ना. सोडला तर तिला वाईट वाटेल."

माझंही तेच चाललं होतं की. अबॅकस, कथक, चित्रकला, स्केटिंग, यातलं एक जरी थांबवलं तर तुझंच आणखी काही संपेल, असं वाटायचं. नन्सच्या शाळेत वाढलेली मी. तिथं वेळापत्रक म्हणजे देवाचा शब्द, त्याला का म्हणून विचारायचं नाही. तुझंही तसंच पाळत राहिले. पोरीचा डबा रिक्षात, गृहपाठ रिक्षात. गणितात चुका वाढल्या, तर मी आणखी एक शिकवणी शोधत होते!

पण तू तरी इतकं का लावून ठेवलंस गं? "तिला सगळं चाखू दे, मग तीच निवडेल," म्हणायचीस. निवडायची वेळ आली, तेव्हा मात्र मला एकटीला टाकून गेलीस.

वरणभात भरवताना तिला विचारलं, एकच ठेवायचा तर कुठला? तुझे घुंगरू अजून कपाटात आहेत. कथक म्हणेल, अशी मला आशा होती.

"स्केटिंग," ती म्हणाली. घास गिळायलाही थांबली नाही.

जालना रोडवर तुझी स्कूटी घसरली, तेव्हापासून चाकावरचं काहीही पाहिलं की माझा श्वास अडकतो. तिला मैदानावर सोडते आणि फाटकाशी पाठ फिरवून उभी राहते. तिला कळत नसेल, असं मला वाटायचं.

"मी आता वळताना पडत नाही, आज्जी," ती म्हणाली. "तू बघितलंच नाहीस कधी."

तू असतीस तर पहिल्याच दिवशी पाहिलं असतंस, हो ना? तुला कधी कशाची भीती वाटली नाही. वाटायला हवी होती गं, थोडी तरी.

उद्या मी सगळ्या क्लासना फोन करणार आहे. शाळेतून ती सरळ घरी येईल, खाईल, लोळेल, मग अभ्यासाला बसेल. आणि स्केटिंगला जाईल. माझी भीती जाईल, असं वचन मी देत नाही, ते या वयात मला जमायचं नाही. पण यापुढे मी आत, कठड्याजवळ बसेन, आणि ती वळेल तेव्हा डोळे मिटणार नाही.

तुझी,
आई